बेअरिंग बदलल्यावर पुढचं सस्पेन्शन परत बसवताना: कुठला नट हवेत आणि कुठला जमिनीवर

व्हील बेअरिंग बदललं, तो घूं घूं आवाज गेला, गाडी ताब्यात आली, आणि मग महिना दोन महिन्यांत स्टेअरिंग एका बाजूला ओढायला लागतं, स्पीडब्रेकरवर खट् करून आवाज येतो नाहीतर टायर आतल्या कडेनं झिजायला लागतो, आणि मग सगळे म्हणतात की बेअरिंगच डुप्लिकेट होतं. असेलही डुप्लिकेट, पण बऱ्याचदा बेअरिंग चांगलं असतं आणि दोष परत बसवण्यात असतो, कारण बेअरिंग काढायला नकल, म्हणजे बेअरिंग आणि चाकाचं हब ज्यात बसतं तो भाग, बाहेर काढावं लागतं आणि नकल बाहेर काढायचं म्हणजे शॉकअपचे बोल्ट, लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा) बॉल जॉइंट, टाय रॉड एंड (स्टेअरिंगकडून येणाऱ्या दांड्याचं टोक), ब्रेक कॅलिपर, एक्सलचा नट, सगळं सुटतं. हे सगळं परत लावायला जमतं, पण कशाच्या नंतर काय आणि गाडी कुठल्या अवस्थेत असताना काय घट्ट करायचं हे कुणी नवीन माणसाला नीट सांगत नाही, म्हणून हे लिहितोय.

या कामात दोन नियम आहेत आणि ते एकमेकांच्या बरोब्बर उलटे आहेत. एक्सलचा मोठा हब नट चाक हवेत असतानाच पूर्ण घट्ट करायचा, त्याच्या आधी गाडीचं वजन त्या चाकावर यायलाच नको. आणि लोअर आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट गाडीचं वजन चाकावर आल्यावरच पूर्ण घट्ट करायचे, हवेत अजिबात नाही. चाकाचे नट सोडले तर बाकीचे नट कुठंही घट्ट केले तरी चालतात, फक्त टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, बरोबर पाहिजे. एवढं डोक्यात पक्कं बसलं की अर्धं काम झालं समजा.

कुठल्या गाड्यांबद्दल बोलतोय ते आधी सांगतो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या साध्या गाड्या, स्विफ्ट, वॅगन आर, आय १०, आय २०, टियागो वगैरे, यांना पुढं मॅकफर्सन स्ट्रट असतो. अर्ल मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरनं १९४० च्या दशकात ही पद्धत काढली, त्यात वरचा आर्म नसतोच, शॉकअप आणि स्प्रिंग मिळून वरचं काम करतात आणि खाली एकच लोअर आर्म. स्वस्त आणि जागा वाचवणारी गोष्ट आहे, पण याचा अर्थ असा पण होतो की शॉकअप आणि नकल जोडणारे ते दोन बोल्टच चाक किती कललंय ते ठरवतात, म्हणून ते दोन बोल्ट साधे समजू नका. बोलेरो, स्कॉर्पिओसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांचं पुढचं काम वेगळं असतं, हे त्यांना लावू नका. आणि काही गाड्यांना बेअरिंग हबसकट चार बोल्टवर येतं, तिथं बेअरिंग दाबून बसवायच्या प्रेसचं काम नसतं पण बाकी सगळं हेच.

खोलायच्या आधीच करायच्या गोष्टी

गाडी सपाट जागेवर चारही चाकांवर उभी असतानाच एक माप घ्या, चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत किती सेंटीमीटर आहे ते, दोन्ही बाजूचं, आणि मोबाईलमध्ये लिहून ठेवा. हे माप शेवटी बुश घट्ट करताना लागणार आहे आणि गाडी एकदा जॅकवर गेली की ते परत मिळत नाही.

दुसरं, हब नट आणि चाकाचे नट गाडी जमिनीवर असताना थोडेसे सैल करून घ्या, चाक हवेत असलं की ते फिरतं आणि एवढा घट्ट नट सुटत नाही. फक्त थोडं हलवून घ्यायचं, जोर सुटला की थांबायचं. हब नट सैल केल्यावर गाडी एक फूट पण ढकलायची नाही, कारण पुढं सांगतो.

तिसरं, शॉकअपच्या दोन बोल्टांभोवती खूण करा. ऑइल पेंट, नेलपॉलिश, काहीही चालेल, बोल्टचं डोकं, शॉकअपचा ब्रॅकेट आणि नकल या तिघांवरून एक रेघ ओढायची. वायर ब्रशनं आधी माती काढा म्हणजे रेघ टिकते. आपल्याकडं सोलापुरात विजापूर रोडच्या बाहेर नाहीतर मोहोळ, मंगळवेढ्याकडच्या शेतरस्त्यावरून पावसाळ्यात गाडी आली की काळी माती सस्पेन्शनला अशी चिकटते की वाळल्यावर नट दिसत नाही, मग खूण मातीवरच होते आणि माती पडली की खूण गेली. बोल्ट कुठल्या बाजूनं घातलेत, डोकं पुढं आहे की मागं, त्याचे पण फोटो काढून ठेवा.

सुरक्षिततेचं एकदाच सांगतो आणि हात जोडून सांगतो. गाडीबरोबर आलेला कैची जॅक फक्त पंक्चरसाठी असतो, त्याच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नाही. दोन चांगले स्टँड, मागच्या चाकांना पुढून मागून लाकडी ठोकळे, हँडब्रेक, गाडी गिअरमध्ये, आणि काढलेलं चाक बॉडीखाली आडवं सरकवून ठेवा. मे महिन्यात दुपारी डांबरावर हे काम करू नका, आपल्याकडं पारा चाळिशीच्या वर असतो आणि तापलेलं डांबर मऊ होऊन स्टँडचे पाय त्यात रुततात, फरशी किंवा काँक्रीट बघा नाहीतर स्टँडखाली जाड फळी टाका. सकाळी लवकर सुरू करा. अंगाखाली एखादी जुनी सोलापुरी चादर टाका, ती जाड असते, पाठीला खडे टोचत नाहीत.

सामानात काय काय नवीन आणायचं ते पण आधीच बघा: हब नट नवीन पाहिजेच, टाय रॉड एंडला किल्लेवाला (वर खाचा असलेला) नट असेल तर स्प्लिट पिन नवीन, नायलॉनचे लॉकनट असतील तर ते नवीन, बॉल जॉइंटच्या आवळ बोल्टचे आटे थोडे जरी खराब दिसले तर तो पण. हे सगळं मिळून बेअरिंगच्या किमतीसमोर काहीच नसतं. हब नटला बहुतेक गाड्यांना ३० किंवा ३२ नंबरची गोटी (सॉकेट) लागते, आपल्या गाडीची कुठली ते आधी लावून बघा, रविवारी दुकानं बंद असताना अडकू नका.

प्रेसवरून नकल परत आलं की लगेच तपासा

बेअरिंग घरी ठोकून बसवायच्या भानगडीत पडू नका, लेथच्या दुकानात किंवा मोठ्या गॅरेजमध्ये हायड्रॉलिक प्रेस असतो तिथं न्या, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसी भागात विचारलं तर कुणीतरी दाखवेल. पण तिथं उभं राहून लक्ष द्या आणि नीट बोला, "अण्णा, नकलमध्ये घालताना बाहेरच्या रेसवरच दाबा, आणि हब घालताना खालून आतल्या रेसला आधार द्या," एवढं म्हटलं तरी बास. रेस म्हणजे बेअरिंगचं कडं, एक बाहेरचं आणि एक आतलं, मध्ये गोळ्या. कारण असं की जो रेस घट्ट बसतोय त्यालाच दाब द्यायचा असतो, दुसऱ्या रेसवर दाबलं तर सगळा जोर गोळ्यांमधून जातो आणि गोळ्यांचे बारीक खड्डे रेसवर उठतात. डोळ्याला काही दिसत नाही, पण नवीन बेअरिंग पहिल्याच दिवशी आवाज करतं.

हातात आल्यावर तीन गोष्टी बघा. सर्क्लिप (बेअरिंगला अडकवून ठेवणारी स्प्रिंगची रिंग) खाचेत सगळीकडून बसलीय का, तिचे दोन्ही कान सारखे दिसतात का. हब हातानं फिरवल्यावर सारखं, किंचित जड पण कुठंही खरखर न होता फिरतं का. आणि एबीएस असलेल्या गाडीत, बेअरिंगच्या ज्या बाजूच्या सीलमध्ये चुंबकीय पट्टी असते ती बाजू सेन्सरकडं आहे का. ही पट्टी साध्या सीलसारखीच दिसते, गडद तपकिरी किंवा काळी, म्हणून उलटं बसायला वेळ लागत नाही, आणि उलटं बसलं तर एबीएसचा दिवा लागतो आणि बेअरिंग परत काढावं लागतं, आणि प्रेसनं एकदा काढलेलं बेअरिंग परत वापरत नाहीत, म्हणजे पैसे गेले. त्या सीलजवळ लोहचुंबक नेऊ नका. काही गाड्यांत अशी पट्टी नसते, एक्सलवरच दातेरी रिंग असते, तिथं हा प्रश्न येत नाही.

आता बसवायला घ्या, पण काहीच पूर्ण घट्ट करू नका

पहिल्या फेरीत सगळे बोल्ट फक्त हातानं घालायचे आणि पान्यानं टेकवायचे. एक बोल्ट पूर्ण आवळला की बाकीची भोकं जुळत नाहीत, मग माणूस हातोडा उचलतो आणि आटे मारतो.

नकल घ्यायच्या आधी एक्सलचे दाते आणि हबच्या आतले दाते वायर ब्रशनं साफ करा, गंज काढा, ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा, जेणेकरून पुढच्या वेळी निघेल. मग नकल एक्सलवर सरकवा. इथं एक्सल बाहेरच्या बाजूला ओढायचा नाही, कारण आतल्या बाजूचा जॉइंट गिअरबॉक्सकडून निसटू शकतो, त्याची रबरी टोपी फाटली की ग्रीस बाहेर आणि मातीचा शिरकाव. एक्सल जागेवर धरायचा आणि नकल त्याच्यावर आणायचं. जुना हब नट दोन चार आटे लावून ठेवा म्हणजे एक्सल परत मागं जाणार नाही, नवीन नट शेवटी.

मग नकल वर उचलून शॉकअपच्या ब्रॅकेटमध्ये घाला आणि वरचा बोल्ट आधी. नकल तिथं लटकलं की हात मोकळे होतात. खालचा बोल्ट घाला, फोटोत होती त्याच दिशेनं. शॉकअप गाडीतून काढायची गरज या कामात पडत नाही, आणि कुणी काढला असेल तर वरच्या माउंटिंगच्या मधला नट कुठल्याही कारणानं सैल करायचा नाही, त्याच्याखाली स्प्रिंग दाबलेली असते आणि ती सुटली तर माणूस जखमी होतो. बाजूचे तीन नट वेगळे, मधला वेगळा.

आता बॉल जॉइंट, नवीन माणूस इथंच सगळ्यात जास्त वैतागतो. लोअर आर्म वर दाबलेला असतो, खाली घ्यायला जात नाही. याचं एक कारण स्टॅबिलायझर बार, म्हणजे दोन्ही बाजूंना जोडणारा आडवा दांडा, असतो, फक्त एकच बाजू उचलली असेल तर दुसऱ्या बाजूचं वजन बारमधून या आर्मला वर ढकलत असतं. म्हणून पुढच्या दोन्ही बाजू उचलून स्टँडवर घ्या, किंवा स्टॅबिलायझरची लिंक सोडा, मग आर्म पाइपनं खाली दाबता येतो. बॉल जॉइंटचा दांडा नकलच्या भोकात पूर्ण वर जायला पाहिजे. दांड्याला एका ठिकाणी गोल खाच असते आणि आवळ बोल्ट त्या खाचेतून जातो, म्हणजे दांडा पूर्ण वर गेलाय याची खूण हीच की बोल्ट हातानं सरळ आत जातो. जात नसेल तर दांडा वर गेलेला नाही, हातोडा मारून बोल्ट घालायचा नाही. मारून घातला तर तो दांड्याला चरे पाडतो, आणि हा एकच बोल्ट आहे ज्याच्या भरवशावर चाक गाडीला खालून धरलेलं असतं. नकलची ती चीर गंजानं आवळली असेल तर चपट्या छिन्नीनं हलकेच उघडा, जास्त नको. काही गाड्यांत आवळ बोल्टऐवजी टाय रॉडसारखाच निमुळता दांडा आणि खाली नट असतो, त्याला टाय रॉडचे नियम.

टाय रॉड एंडचा दांडा निमुळता असतो, तो भोकात रुतून बसतो आणि घट्टपणा त्या रुतण्यातून येतो, म्हणून तिथं ग्रीस, तेल काही लावायचं नाही, कोरडं आणि स्वच्छ. नट आवळताना आतला दांडाच फिरायला लागला तर टाय रॉड एंडला जॅकनं किंवा पाइपनं दांडा भोकात रुतेल अशा बाजूनं थोडा दाब द्या, रुतला की फिरणार नाही. किल्लेवाला नट असेल तर टॉर्कला आवळा, आणि खाच भोकासमोर आली नाही तर अजून थोडा आवळून पुढची खाच जुळवा, मागं सैल करून जुळवायची नाही. मग नवीन स्प्लिट पिन, दोन्ही पाय वाकवून. टाय रॉडवरचा लांबीचा लॉकनट तुम्ही खोलला नसेल तर हात लावू नका.

शॉकअपचे दोन बोल्ट

हे आता घट्ट करू शकता, हवेत चालतं. पण बऱ्याच गाड्यांत या भोकांत थोडी फट असते आणि नकल त्या फटीत आत किंवा बाहेर सरकतं. सरकलं की वरून चाक आत कलतं किंवा बाहेर, त्यालाच कॅम्बर म्हणतात, आणि त्याच्याबरोबर टो, म्हणजे चाकाचं तोंड पुढून किती आत किंवा बाहेर वळलंय ते, पण बदलतो कारण टाय रॉडचं टोक त्याच जागी राहतं. म्हणून आधीच्या रेघा जुळवा. रेघ पुसली असेल तर जुन्या नटाच्या खाली धातू घासून चमकलेला गोल ठसा दिसतो, त्या ठशात नट परत आणा. नकल एका हातानं धरून ठेवा, दुसऱ्यानं आवळा, वरचा आणि खालचा आळीपाळीनं. नट फिरवायचा, बोल्टचं डोकं धरून ठेवायचं, काही गाड्यांत बोल्टच्या अंगावर दाते असतात, ते फिरले की भोक खराब.

रेघा तंतोतंत जुळल्या तरी अलाइनमेंट करायचंच, त्यात काटकसर करू नका. रेघ एवढ्यासाठी की अलाइनमेंटवाल्यापर्यंत गाडी सरळ जाईल आणि त्याला फार काही करावं लागणार नाही.

ब्रेक आणि सेन्सर

डिस्क बसवायच्या आधी हबचा सपाट चेहरा पॉलिश पेपरनं घासा, गंजाचा एक बारीक पापुद्रा राहिला तरी डिस्क तिरकी बसते आणि ब्रेक मारल्यावर स्टेअरिंग थरथरतं. डिस्क पण ब्रेक क्लीनरनं पुसा, ग्रीसची बोटं लागलेली असतात. कॅलिपर इतका वेळ तारेनं स्प्रिंगला लटकवलेला असायला पाहिजे, ब्रेकच्या होजवर (तेलाच्या रबरी नळीवर) लोंबकळत नाही. परत लावताना होजला पीळ पडला का बघा, होजवर बहुतेक एक सरळ रेघ असते तिच्यावरून कळतं. ब्रॅकेटचे बोल्ट साफ करून टॉर्कला. एबीएस सेन्सरचं तोंड कापडानं पुसून घाला, त्याची वायर जुन्याच क्लिपांमध्ये बसवा, नाहीतर स्टेअरिंग पूर्ण फिरवल्यावर ती टायरला घासते.

मग ब्रेक पेडल चार सहा वेळा दाबून घ्या, कडक होईपर्यंत. हे आत्ताच करा, कारण पुढच्या पायरीला ब्रेक लागणार आहे.

हब नट: चाक हवेत असताना

आता कारण सांगतो. या गाड्यांच्या बेअरिंगमध्ये आतला रेस बहुतेक दोन तुकड्यांत असतो आणि ते दोन तुकडे एकमेकांवर दाबून धरायचं काम एक्सल आणि हा नट करतात. नट पूर्ण घट्ट नसताना वजन आलं किंवा गाडी नुसती ढकलली तरी ते तुकडे वेगळे व्हायला बघतात, गोळ्या कडेवर चालतात आणि नवीन बेअरिंग तिथंच जखमी होतं. गॅरेजमधून गाडी बाहेर ढकलायची आणि मग जमिनीवर टेकवून नट आवळायचा ही सवय मी बऱ्याच ठिकाणी बघितलीय आणि ती बेअरिंगला मारते.

जुना नट काढा, नवीन लावा. एक माणूस आत बसून ब्रेक पूर्ण दाबून धरू दे, घरातलं कुणीही चालेल, फक्त सांगा की मी म्हणेपर्यंत पाय काढू नका. गाडी स्टँडवर घट्ट आहे का एकदा हलवून बघा, कारण आता जोर लावायचाय. गाडीच्या मॅन्युअलमध्ये जो टॉर्क असेल तो घ्या, छोट्या गाड्यांत साधारण १७५ ते २५० न्यूटन मीटरच्या आसपास असतो, काहींत याहून जास्त. इम्पॅक्ट गन नट पळवायला वापरा, शेवटचं आवळणं टॉर्क रेंचनंच.

मोठा टॉर्क रेंच मिळाला नाही तर एक साधा हिशोब आहे: १ मीटर लांब पाइप आडवा धरून त्याच्या टोकाला २० किलो वजनाइतका जोर म्हणजे साधारण १९६ न्यूटन मीटर. माप नटाच्या मध्यापासून घ्यायचं आणि पाइप जमिनीला समांतर पाहिजे. हा अडचणीतला उपाय आहे, टॉर्क रेंच मागून आणणं कधीही बरं, आणि वापरून झाल्यावर रेंचची सेटिंग सगळ्यात खाली आणून ठेवा नाहीतर तो खोटं बोलायला लागतो.

नट टॉर्कला आला की त्याचं लॉक करा. कॉलरवाला असेल तर कॉलर एक्सलच्या खाचेत बोथट छिन्नीनं दाबा, कॉलर फाटायला नको, वाकायला पाहिजे. टोपी आणि स्प्लिट पिनवाला असेल तर नवीन पिन. मग ब्रेक सोडायला सांगा आणि हब हातानं फिरवा, मोकळं आणि सारखं फिरलं पाहिजे. वर खाली धरून हलवा, जराही खेळ नको.

बुश: वजन आल्यावर

लोअर आर्मचे आतले, म्हणजे सबफ्रेमकडचे (गाडीखालच्या चौकटीकडचे) बोल्ट तुम्ही सैल केले नसतील तर हा भाग तुम्हाला लागू नाही. पण बॉल जॉइंट निघत नाही म्हणून बरेच जण ते सैल करतात, आणि मग तिथंच हवेत फटाफट आवळून टाकतात.

बुशमध्ये आत एक लोखंडी नळी, बाहेर एक नळी आणि मध्ये दोघींना चिकटवलेलं रबर असतं. बोल्ट आवळला की आतली नळी सबफ्रेमला घट्ट धरली जाते, ती फिरत नाही. आर्म वर खाली होतो तेव्हा फिरतं ते फक्त रबर, म्हणजे ते पीळ घेतं आणि सोडतं. गाडी नेहमी ज्या उंचीवर उभी असते त्या उंचीला पीळ शून्य असायला पाहिजे. हवेत चाक लोंबकळत असतं, आर्म खाली गेलेला असतो, तिथं आवळलं की तिथं पीळ शून्य झाला, आणि गाडी जमिनीवर आली की रबर कायमचं पिळलेलं, ओलं फडकं पिळून तसंच धरून ठेवावं तसं. वरून खड्डा आला की अजून पीळ. असं रबर थोड्याच दिवसांत कडेला फाटतं, आवाज सुरू होतो, एका बाजूची गाडी किंचित उंच राहते आणि स्टेअरिंग ओढतं. नवीन बुश टाकून पण महिन्यात फाटले अशी तक्रार करणाऱ्यांची गाडी बहुतेक अशीच आवळलेली असते.

करायचं काय, तर चाक लावा, दोन्ही पुढच्या चाकांखाली रुंद, पक्के लाकडी ठोकळे ठेवा आणि गाडी त्यांच्यावर टेकवा, म्हणजे खाली जायला जागा राहते आणि वजन चाकावर असतं. स्टँड बॉडीच्या खाली बोटभर अंतर ठेवून तसेच राहू द्या, काढायचे नाहीत. पुढून गाडी दोन चार वेळा दाबून सोडा, ती आपल्या उंचीवर येते. ते सुरुवातीला घेतलेलं माप काढा आणि जुळतंय का बघा. एखाद दुसरा सेंटीमीटर इकडं तिकडं असला तरी चालेल. मग बुशचे बोल्ट टॉर्कला.

ठोकळे नसतील तर दुसरा मार्ग, लोअर आर्मखाली बॉल जॉइंटच्या जवळ जॅक लावा, मध्ये लाकूड, आणि ते माप येईपर्यंत हळूहळू उचला. बॉडी स्टँडवरून सुटायला लागली तर थांबा, त्या कोपऱ्याचं वजन बहुतेक आलेलंच असतं. या पद्धतीत जॅक तिरका होऊन निसटू शकतो, म्हणून मान आर्मखाली न्यायची नाही, बाजूनं हात घालून आवळा.

स्टॅबिलायझरची लिंक पण दोन्ही बाजू सारख्या उंचीवर असताना लावली की सहज बसते, एक बाजू वर एक खाली असली की ओढाताण होते. लिंकचा दांडा आतून एलन कीनं धरून नट फिरवा, नाहीतर त्याचा बॉल आतल्या आत गरगर फिरून रबर फाडतो. जुन्या मारुती ८०० सारख्या गाडीत तर हा बारच लोअर आर्मला पुढं मागं धरून ठेवतो, तिथं त्याच्या टोकाचा नट आणि बुश पण वजन आल्यावरच.

चाक, आणि पहिली फेरी

चाकाचे नट समोरासमोर आळीपाळीनं, आधी टेकवून, मग जमिनीवर टॉर्कला. छोट्या गाड्यांत ८५ ते ११० न्यूटन मीटरच्या दरम्यान बघायला मिळतो, आपला आकडा मॅन्युअलमधून घ्या. आट्यांना तेल लावू नका, तेल लावलं की तोच टॉर्क दाखवून नट कितीतरी जास्त ताणला जातो.

गाडी हलवायच्या आधी ब्रेक पेडल परत दाबून बघा, कडक आहे ना. इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग जमेल तेवढं डावीकडं, उजवीकडं फिरवा, होज आणि वायर कुठं ताणली जात नाही ना ते एकाला बाहेरून बघायला लावा.

पहिली फेरी जुळे सोलापूरच्या आतल्या रस्त्यांवर किंवा घराजवळच कुठं रिकामा रस्ता असेल तिथं, हळू. खिडक्या खाली, एसी बंद, रेडिओ बंद. ब्रेक दोन तीन वेळा हलके दाबा, मग जरा जोरात. स्पीडब्रेकर हळू घ्या आणि ऐका. खट् एकदाच आणि फक्त ब्रेक सोडताना धरताना येत असेल तर बुश किंवा बॉल जॉइंटचा बोल्ट, स्टेअरिंग फिरवताना येत असेल तर टाय रॉड किंवा शॉकअपचे बोल्ट, परत घरी आणि परत बघा, पुढं जाऊ नका. मग पुणे हायवेला बाळेच्या पुढं मोकळा रस्ता बघून मर्यादेत राहून वेग वाढवा आणि लेन बदलताना कान द्या. गाडी उजवीकडं वळते तेव्हा वजन डाव्या चाकावर जातं, तेव्हा घूं वाढला तर डावीकडं संशय, उलटं असेल तर उजवीकडं. ऊस गळीत हंगामात हायवेवर डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर असतात, अंधार पडल्यावर ही चाचणी नको.

आल्यावर दोन्ही पुढच्या हबच्या मध्याला हाताचा मागचा भाग हळूच जवळ न्या. दोन्ही सारखे कोमट असतील तर ठीक. एकच जास्त गरम असेल तर आधी बघा कॅलिपर अडकतोय का, चाक हवेत फिरवून, कारण बरेचदा तेच असतं. कॅलिपर मोकळा असेल तर मग बेअरिंग. चाक हातानं फिरवताना दुसरा हात स्प्रिंगवर ठेवा, बेअरिंग खराब असेल तर खरखर स्प्रिंगमधून बोटांना कळते, कानाला ऐकू यायच्या आधी.

एबीएसचा दिवा लागला तर आधी सेन्सरचा कनेक्टर आणि वायर बघा, मग सेन्सर पूर्ण आत बसलाय का, आणि शेवटी ते उलटं बेअरिंग.

यानंतर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी अलाइनमेंट. तिथं जाऊन टायरमध्ये हवा आधी बरोबर करायला सांगा, मग मशीनवर. आणि नुसतं टो नको, कॅम्बर पण दाखवा म्हणा, दोन्ही बाजूचा. बरेच ठिकाणी टो करून स्टेअरिंग सरळ केलं की गाडी सोडतात. ज्या बाजूचं बेअरिंग बदललं त्या बाजूचा कॅम्बर दुसऱ्यापेक्षा अर्ध्या अंशाहून जास्त वेगळा दिसला तर शॉकअपचे ते दोन बोल्ट सैल करून नकल फटीत हवं तिकडं ढकलायचं आणि परत टॉर्क करायचं, हे आधी, टो नंतर, कारण कॅम्बर हलला की टो हलतोच. आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची छापील स्लिप मागून घ्या. शंभरेक किलोमीटर झाले की चाकाचे नट एकदा टॉर्क रेंच लावून तपासा, आणि शॉकअपच्या बोल्टांवर नवीन रेघ मारून ठेवली असेल तर ती तुटलीय का तेवढं खाली वाकून बघा.